अदृश्य मित्रांचा शोधक

(दही आपल्या रोजच्या जेवणातले. पण दह्यातील सूक्ष्म जीवांचा आपल्या प्रकृतीशी काय संबंध आहे, याचा विचार सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने केला. त्याचे नाव इल्या मेचनिकॉव्ह. त्यांचे काही विचार खरे ठरले, काही चुकीचे ठरले. पण त्यांनी दाखवलेल्या वाटेने आजही संशोधन चालू आहे. या पाठात त्यांच्या जीवनाची ओळख करून दिली आहे.)

मुलांनो, घरात तान्हे बाळ आजारी पडले की सगळे घर आजारी पडते. बाळाला ताप येतो. ते रात्रभर रडते. कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळ होताच अम्मी बाळाला घेऊन दवाखान्यात जाते. डॉक्टर बाळाला तपासतात आणि प्रतिजैविक औषध देतात. या औषधाला आपण बोलताना अँटिबायोटिक म्हणतो. दोन दिवसांत ताप उतरतो, पण बाळाला पातळ जुलाब सुरू होतात. दादी सांगते की, बाळाला चमचाभर ताजे दही चाटवा, पोट ठिकाणावर येईल. शेजारची खाला सांगते की, दही मुळीच देऊ नका, बाळाला सर्दी होईल. आता कुणाचे ऐकावे? अम्मी गोंधळून जाते.

हा प्रश्न साधा वाटतो. पण औषधाने बाळाचे पोट का बिघडते, आणि दह्याचा पोटाशी काय संबंध, हे समजून घ्यायचे असेल, तर आपल्याला फार दूर, युक्रेनमधील एका खेड्यात जावे लागेल.

खारकिव्ह शहराजवळ इव्हानोव्का नावाचे खेडे आहे. हा भाग आज युक्रेन देशात आहे. त्या काळी तो रशियाच्या साम्राज्यात होता. या खेड्यात १८४५ साली मे महिन्यात इल्याचा जन्म झाला. त्याचे वडील बादशहाच्या सैन्यात अधिकारी होते. आईला वाचनाची आवड होती. पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटा. घराभोवती शेते, झाडी आणि तळी होती. इल्या दिवसभर भटकत असे. पाने, फुले, किडे गोळा करून आणत असे. गोळा केलेल्या वस्तूंविषयी दुसऱ्यांना सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तो भावांना आणि गावातल्या मुलांना बसवून वनस्पतींवर व्याख्यान देई. मुले कंटाळून उठून जात. मग इल्याने एक युक्ती केली. त्याला खाऊसाठी मिळणारे पैसे तो मुलांना देई आणि आपले व्याख्यान ऐकवी. शिकण्याची आवड पुष्कळांना असते. पण शिकवण्यासाठी स्वतःच्या खिशातले पैसे देणारा विद्यार्थी विरळाच!

शाळेत इल्या हुशार म्हणून नावाजला गेला. पुढे तो खारकिव्हच्या विद्यापीठात दाखल झाला. निसर्गविज्ञानाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोनच वर्षांत पुरा केला. त्यानंतर जर्मनी आणि इटलीत जाऊन त्याने समुद्रातील लहान प्राण्यांचा अभ्यास केला. त्याचे डोळे नाजूक होते. सूक्ष्मदर्शकातून तासन् तास पाहिल्यामुळे ते दुखत. तरी त्याने काम सोडले नाही. १८६७ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याला डॉक्टर ही पदवी मिळाली. ही पदवी औषध देणाऱ्या डॉक्टरची नव्हती. ती प्राणिशास्त्रातील होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे याच गोष्टीवरून लोक त्यांना नावे ठेवणार होते.

१८६९ साली मेचनिकॉव्ह यांचा विवाह ल्युडमिला नावाच्या तरुणीशी झाला. ल्युडमिला क्षयाने आजारी होती. लग्नाच्या दिवशी तिच्या अंगात चालण्याचेही त्राण नव्हते. तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. मेचनिकॉव्ह यांनी तिची मनापासून सेवा केली. हवापालट करण्यासाठी तिला उबदार प्रदेशात नेले. तिच्या औषधपाण्यासाठी ते रात्रंदिवस कष्ट करत. पण उपयोग झाला नाही. १८७३ साली मदेरा बेटावर ल्युडमिलाचे निधन झाले. मेचनिकॉव्ह पार खचून गेले. डोळे अधू झाले होते, प्रकृती ढासळली होती आणि आधार देणारे माणूस निघून गेले होते. काही काळ त्यांना जगावेसेच वाटेना. शेवटी कामानेच त्यांना सावरले. त्या वेळी ते ओडेसा येथील विद्यापीठात प्राध्यापक होते. दोन वर्षांनी त्यांनी ओल्गा या मुलीशी विवाह केला. ओल्गा पुढे त्यांच्या प्रयोगशाळेतली सोबतीण झाली आणि त्यांचे चरित्रही तिनेच लिहिले.

माणसाचे शरीर रोगापुढे इतके दुबळे का? एकाच घरात एक आजारी पडतो, दुसरा पडत नाही, असे का? असे प्रश्न आता त्यांच्या मनात घोळू लागले असावेत. उत्तर मात्र सापडत नव्हते.

१८८१ साली रशियाच्या बादशहाचा खून झाला. त्यानंतर विद्यापीठांतही अशांतता माजली. मेचनिकॉव्ह यांनी १८८२ साली नोकरीचा राजीनामा दिला आणि ते कुटुंबासह इटलीतील सिसिली बेटावर मेसिना गावी राहायला गेले. समुद्रकाठी लहानसे घर होते. बैठकीच्या खोलीतच त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला. तीच त्यांची प्रयोगशाळा.

त्या वर्षीच्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. गावात सर्कस आली होती. सर्कशीत कसरती करणारी माकडे होती. घरातली सगळी माणसे ती पाहायला गेली. मेचनिकॉव्ह एकटेच घरी राहिले. ते तारामाशाचे पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. हे पिल्लू काचेसारखे पारदर्शक असते. त्याच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे फिरताना दिसत होत्या. पाहता पाहता त्यांच्या मनात वीज चमकावी तसा एक विचार चमकला. या फिरत्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी तर नसतील? बाहेरचा शत्रू आत शिरला, तर त्याच्यावर धावून जाणे हेच त्यांचे काम नसेल?

विचार सुचला, पण तो खरा कशावरून? मेचनिकॉव्ह उठून बागेत गेले. गुलाबाचे काही बारीक काटे त्यांनी तोडून आणले आणि तारामाशाच्या पिल्लांच्या अंगात अलगद टोचले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पहाटेच उठून त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी झाली होती! जणू घरात शिरलेल्या चोराला पहारेकऱ्यांनी घेराव घातला होता. आपल्या बोटात काटा मोडला की ती जागा सुजते आणि तिथे पू होतो. त्याचे कारणही असेच असावे, हे मेचनिकॉव्ह यांनी ओळखले.

पुढे त्यांनी पाणपिसू नावाच्या अगदी लहान जीवावर प्रयोग केले. पाणपिसूचे अंगही पारदर्शक असते. तिच्या शरीरात एका बुरशीचे बीजाणू शिरले की पहारेकरी पेशी त्यांच्यावर तुटून पडत आणि त्यांना गिळून टाकत. पेशी जिंकल्या तर पाणपिसू जगे. बीजाणू जिंकले तर ती मरे. शत्रूला खाऊन टाकणाऱ्या या पेशींना भक्षक पेशी असे नाव मिळाले. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी कित्येक पेशी हेच काम करतात.

आज हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो. तेव्हा मात्र पुष्कळ नामवंत डॉक्टरांनी ते मानले नाही. जर्मनीतील शास्त्रज्ञांचे मत होते की, रोगाशी लढतात ती रक्तद्रवातील द्रव्ये, पेशी नव्हेत. हा प्राण्यांचा अभ्यासक, याला रोगातले काय कळते, असेही काहींना वाटे. हा वाद सुमारे पंचवीस वर्षे चालला. मेचनिकॉव्ह टीकेने चिडत, दुःखी होत. पण प्रत्येक टीकेला उत्तर म्हणून ते नवा प्रयोग करत.

१८८६ साली ओडेसात जंतुशास्त्राची एक संस्था निघाली. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या रोग्यांना तिथे लस दिली जाई. मेचनिकॉव्ह तिचे प्रमुख झाले. पण विरोध आणि अडचणी इतक्या वाढल्या की तिथे काम करणे अशक्य झाले. ते पॅरिसला गेले आणि लुई पाश्चर यांना भेटले. पाश्चर यांच्या नावाची संस्था १८८८ साली सुरू होत होती. त्यांनी मेचनिकॉव्ह यांना आनंदाने आपल्या संस्थेत जागा दिली. तेव्हापासून शेवटच्या दिवसापर्यंत मेचनिकॉव्ह तिथेच राहिले.

इथे आपल्या मुंबईचाही एक धागा जुळतो. ओडेसात मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली वाल्देमार हाफकिन नावाचा विद्यार्थी शिकला होता. तोही पॅरिसला त्याच संस्थेत आला. हाफकिन यांनी पटकी या रोगावर लस तयार केली आणि १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ पसरली. लोक शहर सोडून पळू लागले. हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोक लशीला घाबरत होते. तेव्हा आगाखान यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली एक इमारतही दिली. मुंबईत परळ येथे असलेल्या संस्थेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले. मेचनिकॉव्ह यांच्या शिष्याचे काम असे आपल्या दारापर्यंत पोचले.

पॅरिसमध्ये मेचनिकॉव्हही पटकीचा अभ्यास करत होते. एक कोडे त्यांना सुटत नव्हते. पटकीचे जंतू पोटात गेले तरी काही माणसे आजारी पडत नाहीत. असे का? उत्तर शोधण्यासाठी १८९२ साली त्यांनी स्वतः पटकीचे जंतू प्याले! त्यांना काहीच झाले नाही. असा जिवावरचा प्रयोग कुणीही करू नये. तेव्हाही तो फार धोक्याचा होता. पुढे प्रयोगशाळेत त्यांना दिसून आले की, एकाच ताटलीत वेगवेगळे जंतू वाढवले, तर काही जंतू पटकीच्या जंतूंना वाढायला मदत करतात आणि काही त्यांना वाढूच देत नाहीत. मोठ्या सशांना पटकी होत नसे; पण आईचे दूध पिणाऱ्या सशाच्या तान्ह्या पिल्लांना ती होई. तान्ह्या पिल्लांच्या आतड्यात अजून जंतूंची वस्ती पुरती वसलेली नसते. म्हणजे आतड्यात आधीपासून राहणारे जंतू शरीराचे रक्षण करत असतील काय?

हा प्रश्न फार मोठा होता. तोपर्यंत जंतू म्हणजे शत्रू, असेच बहुतेक लोक समजत. जंतूंमध्ये मित्रही असू शकतात, ही कल्पनाच नवी होती.

याच संस्थेत आंरी तिसिए नावाचे एक तरुण डॉक्टर तान्ह्या बाळांच्या शौचाची तपासणी करत होते. किती किळसवाणे काम, असे तुम्हांला वाटेल. पण त्यातूनच एक मोलाची गोष्ट हाती लागली. आईच्या दुधावर वाढणाऱ्या निरोगी बाळांच्या आतड्यात एक खास जंतू भरपूर असतो. त्याचा आकार झाडाच्या दुबेळक्या फांदीसारखा दिसतो. जुलाब होणाऱ्या बाळांमध्ये हे जंतू कमी आढळत. म्हणून असे जंतू आजारी बाळांना द्यावेत, असे तिसिए यांनी सुचवले. पुढे संशोधकांना आणखी एक नवल कळले. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात की, ज्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या दुधात कशासाठी? तर या मित्र जंतूंच्या पोषणासाठी! आई बाळाला पाजते, तेव्हा बाळाच्या या पाहुण्यांनाही जेवू घालते.

आता दह्याकडे येऊ. मेचनिकॉव्ह यांचे वय साठीकडे झुकत होते. म्हातारपण का येते, हा विचार त्यांच्या मनात सतत चाले. त्यांचे मत असे होते की, मोठ्या आतड्यात काही जंतू अन्न कुजवतात, त्यातून विष तयार होते आणि ते हळूहळू सारे शरीर झिजवते. मग या कुजवणाऱ्या जंतूंना रोखायचे कसे? त्यांनी स्वयंपाकघरातील साधी गोष्ट आठवली. नुसते दूध ठेवले तर ते नासते. पण दुधाला विरजण लावले, म्हणजे आपल्या घरी ज्याला जामन म्हणतात ते लावले, तर दही होते आणि ते लवकर कुजत नाही. विरजणातील जंतू दुधातील साखरेपासून आम्ल तयार करतात. त्यामुळेच दही आंबट लागते. आंबट जागी कुजवणारे जंतू वाढू शकत नाहीत. बल्गेरिया देशातील खेडूत पुष्कळ दही खातात आणि त्यांच्यात दीर्घायुषी माणसे आढळतात, असेही त्यांच्या ऐकण्यात आले होते. १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने तिथल्या दह्यातील जंतू शोधून काढला होता. मेचनिकॉव्ह यांनी त्या जंतूचा कसून अभ्यास केला. ते स्वतः उकळलेल्या दुधाला शुद्ध विरजण लावून रोज दही घेऊ लागले. बाकी खाण्याच्या बाबतीतही ते फार जपत. फळेसुद्धा उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय खात नसत.

१९०४ साली त्यांनी पॅरिसमध्ये म्हातारपणाविषयी व्याख्यान दिले. त्यात त्यांनी दह्याचा उल्लेख केला. झाले! वर्तमानपत्रांनी ती बातमी रंगवून छापली. दही खा आणि तरुण राहा, असा जणू डंका पिटला गेला. दुकानांत दही, दह्याच्या जंतूंच्या गोळ्या, भुकट्या विकायला आल्या. मेचनिकॉव्ह यांनी काळजीपूर्वक मांडलेला विचार लोकांनी जादूच्या औषधासारखा उचलला. शास्त्रज्ञ सांगतो एक आणि बाजार विकतो दुसरेच, हे तेव्हाही घडत होते. आजही घडते.

१९०८ साली मेचनिकॉव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते दह्यासाठी नव्हे, तर शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीच्या संशोधनासाठी होते. हे पारितोषिक त्यांना जर्मनीच्या पाउल एअरलिख यांच्याबरोबर विभागून मिळाले. एअरलिख हे रक्तद्रवातील द्रव्यांचा पक्ष मांडणारे होते. पंचवीस वर्षे ज्या दोन पक्षांत वाद चालला, त्या दोन्ही पक्षांचा एकाच दिवशी सन्मान झाला. आणि तेच योग्य होते. कारण शरीर पेशींच्या साहाय्यानेही लढते आणि रक्तातील द्रव्यांच्या साहाय्यानेही लढते. दोघेही खरे होते. प्रत्येकाला सत्याची एक बाजू दिसली होती, इतकेच.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. प्रयोगशाळेतील तरुण रणांगणावर गेले. माणसाचे आयुष्य वाढवण्यासाठी आयुष्यभर झटलेल्या मेचनिकॉव्ह यांना तरुणांचे मृत्यू पाहवेनात. त्यांच्या हृदयाचा आजार बळावला. १५ जुलै १९१६ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.

त्यांच्या मागे काय उरले? त्यांचे सगळे विचार टिकले नाहीत. मोठ्या आतड्यातील विषामुळे म्हातारपण येते, हे मत मागे पडले. बल्गेरियाच्या दह्यातील जंतू आतड्यात कायमचा मुक्काम करत नाही, हेही पुढच्या संशोधकांनी दाखवून दिले. पण मूळ विचार टिकला. आतड्यातील जंतूंत मित्र असतात आणि बाहेरून योग्य जंतू देऊन पोटाला मदत करता येते, हा तो विचार. १९१९ साली बार्सिलोना शहरात आयझॅक कारासो यांनी दही बनवून विकायला सुरुवात केली. मुलाच्या लाडक्या नावावरून त्यांनी त्याला डॅनोन हे नाव दिले. पोटाच्या विकाराने हैराण झालेल्या मुलांसाठी हे दही आधी औषधांच्या दुकानांतून विकले जाई.

मेचनिकॉव्ह यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनचा शोध लावला. प्रतिजैविक औषधांचे युग सुरू झाले. लाखो मुलांचे प्राण वाचले. पण या औषधांना शत्रू आणि मित्र यांतला भेद नेहमीच कळत नाही. ती रोगाच्या जंतूंबरोबर आतड्यातील मित्र जंतूंनाही मारतात. म्हणूनच औषध चालू असताना बाळाला जुलाब होऊ शकतात. शरीराला उपयोगी पडणाऱ्या जिवंत सूक्ष्म जीवांना आज प्रोबायोटिक म्हणतात. प्रतिजैविक औषध घेणाऱ्या मुलांना काही ठरावीक प्रोबायोटिक पुरेशा प्रमाणात दिले, तर जुलाबांचे प्रमाण कमी होते, असे संशोधनात दिसून आले आहे. मात्र प्रत्येक दह्यात ते जंतू असतातच असे नाही. घरोघरचे विरजण वेगळे, तसे त्यातले जंतूही वेगळे.

आता आपण त्या आजारी बाळाच्या घरी परत जाऊ. दादीचे खरे की खालाचे? मेचनिकॉव्ह आणि एअरलिख यांच्या वादासारखेच येथेही आहे. दादीच्या अनुभवात तथ्य आहे. पण बाळाचे वय विचारल्याशिवाय चमचा हातात घेता येत नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, तर त्याला दही देऊ नये. त्याच्यासाठी आईचे दूध हेच अन्न आणि तेच मित्र जंतूंचे पोषण. आजारातही ते बंद करायचे नाही. सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळाला वरचे अन्न सुरू होते. तेव्हा उकळलेल्या दुधाचे, स्वच्छ भांड्यात लावलेले ताजे दही थोडे थोडे देता येते. पहिल्यांदा एखादाच चमचा द्यावा. त्यात साखर घालू नये. मध तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच देऊ नये. त्यातून एक गंभीर आजार होऊ शकतो. दुधाने बाळाच्या अंगावर पुरळ उठत असेल किंवा उलटी होत असेल, तर दहीही देऊ नये. खालाची भीतीही समजून घ्यावी; पण सर्दी विषाणूंमुळे होते, ताज्या दह्यामुळे नव्हे.

काही प्रतिजैविक औषधे दुधादह्याबरोबर घेतली तर अंगी लागत नाहीत. म्हणून औषध आणि दही यांत किती अंतर ठेवायचे, ते डॉक्टरांना विचारावे. प्रोबायोटिकची पुडी किंवा थेंब दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, फार अशक्त किंवा गंभीर आजारी बाळांना हेच मित्र जंतू क्वचित घातक ठरतात. डॉक्टरांनी सांगितलेले औषध जुलाब झाले म्हणून मध्येच आपणहून बंद करू नये. आधी त्यांना विचारावे. जुलाबात जलसंजीवनी कशी द्यावी, तेही विचारून घ्यावे. बाळ मलूल झाले, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त पडले, तर दही आणि नुस्खे बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा.

मुलांनो, आज रात्री तुमच्या घरी दुधाला विरजण लावले जाईल. कोमट दुधात चमचाभर दही पडेल आणि भांड्यावर झाकण बसेल. सकाळी झाकण उघडाल तेव्हा दही तयार असेल. रात्रभर आत कोण राबले, हे तुम्हांला दिसणार नाही. पण आता ते तुम्हांला ठाऊक आहे. ज्या माणसाने काट्याभोवतीचे पहारेकरी पाहिले आणि दह्यातल्या मित्रांची किंमत ओळखली, त्याची आठवण त्या वेळी जरूर करा. आणि हेही लक्षात ठेवा की, मोठा माणूससुद्धा चुकतो. त्याचे खरे ते घ्यावे, चुकीचे ते सोडावे आणि पुढे शोधत राहावे.

शब्दार्थ

विरजण – दही लावण्यासाठी दुधात घालतात ते थोडे दही, जामन
प्रतिजैविक – रोगाच्या जंतूंना मारणारे औषध, अँटिबायोटिक
भक्षक – खाणारा
पारदर्शक – ज्याच्या आरपार दिसते असे
पटकी – कॉलरा, हैजा
दुबेळके – दोन फाटे फुटलेले
त्राण – शक्ती, ताकद
मलूल – कोमेजलेला, उत्साह नसलेला

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) इल्या खाऊचे पैसे मुलांना का देत असे?
(आ) मेचनिकॉव्ह यांना नोबेल पारितोषिक कोणत्या साली व कोणाबरोबर मिळाले?
(इ) मुंबईत प्लेगची लस कोणी तयार केली?

२. कारणे लिहा.
(अ) प्रतिजैविक औषध चालू असताना बाळाला जुलाब होऊ शकतात.
(आ) दूध नासते, पण दही लवकर कुजत नाही.
(इ) प्रोबायोटिकची पुडी आपल्या मनाने आणू नये.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गुलाबाच्या काट्याच्या प्रयोगातून मेचनिकॉव्ह यांना काय समजले?
(आ) मेचनिकॉव्ह यांचे कोणते विचार टिकले व कोणते मागे पडले?

४. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत वापरा.
डोळ्याला डोळा न लागणे, खचून जाणे, नावे ठेवणे, तुटून पडणे.

५. उपक्रम : घरी दही कसे लावतात ते पाहा. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात दही लागायला किती वेळ लागतो, ते घरातील मोठ्यांना विचारा आणि पाच वाक्यांत लिहा.